कुम्रोवेत्सच्या त्या अर्ध्या दिवसाबद्दल

नमस्कार काकू,

सहलीत सगळा ग्रुप तुम्हाला काकूच म्हणायचा, म्हणून इथेही तेच म्हणते. तुमचा दोन स्टारचा अभिप्राय परवा रात्री वाचला. काल टूर मॅनेजरला समोर बसवून त्या दिवसाचा तासातासाचा हिशेब घेतला आणि मगच लिहायला बसले.

इतर वाचणाऱ्यांसाठी काकूंची तक्रार थोडक्यात सांगते. क्रोएशियाच्या सहलीत आम्ही कुम्रोवेत्स नावाच्या खेड्यात अर्धा दिवस घालवला. काकूंच्या मते तो वाया गेला. गाव ओसाड होतं, माणूस दिसेना, घरांत नुसत्या बाहुल्या उभ्या होत्या. अशी घरं कोकणात फुकट बघायला मिळतात. युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांचं घर बघायला त्यांनी पैसे भरले नव्हते. जेवणात अंडं निघालं. हाच वेळ प्लिटविसेच्या तलावांना द्यायला हवा होता. आणि घाईत नातवासाठी खेळणं घ्यायचं राहून गेलं.

अंड्याचं आधी. ती चूक पूर्णपणे आमची आहे. तुम्ही बुकिंगच्या फॉर्मवर ‘अंडंसुद्धा नाही’ असं लिहून दिलं होतं आणि तो फॉर्म आमच्याकडेच आहे. त्या दिवशी जे वाढलं ते श्ट्रुक्ली, कुम्रोवेत्स ज्या झागोर्ये भागात येतं तिथला मानाचा पदार्थ. टेबलभर ताणून कागदासारखी पातळ केलेली मैद्याची पोळी, तिच्यावर ताजं चीज आणि अंडं कालवून पसरायचं, गुंडाळी करायची, तुकडे पाडून उकडायचे किंवा वर साय ओतून भट्टीत भाजायचे. हा पदार्थ करण्याची रीत २००७ पासून क्रोएशियाच्या संरक्षित वारशात आहे, म्हणून आम्ही तो हौसेने ठेवला होता. आमच्या माणसाने स्वयंपाकघरात ‘व्हेज आहे ना?’ एवढंच विचारलं. तिकडे व्हेज म्हणजे अंडं चालतं असंच धरतात. हे आम्हाला माहीत होतं, तरी पुढचा प्रश्न विचारला गेला नाही. तुमचा चतुर्थीचा नेम तेवढ्याने मोडला, आणि त्याची भरपाई पैशांत होत नाही हे मला कळतं. मनापासून माफी मागते. यापुढे अंडं न खाणाऱ्यांसाठी तिथे ताजं चीज आणि आंबट साय, बटाटे आणि ब्रेड असं जेवण आधी लेखी कळवून ठेवणार आहोत. ते चीज-साय म्हणजे झागोर्येच्या घराघरातलं रोजचं खाणं, आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारं.

आता गाव ओसाड का वाटलं ते. आपण साडेअकराला पोचणार होतो, पोचलो दीड वाजता. राजधानी झाग्रेबहून कुम्रोवेत्स जेमतेम पन्नास किलोमीटर. पण सकाळी हॉटेलमधून निघायलाच आपल्याला उशीर झाला आणि तो आमच्या ढिसाळपणामुळे झाला. तिथल्या घरांमधून कारागिरांची प्रात्यक्षिकं आधी सांगून ठरवावी लागतात. ती आपण ठरवली होती आणि आपणच वेळेवर गेलो नाही. त्यामुळे तुम्हाला लोहाराची भट्टी थंड दिसली, माग रिकामा दिसला. त्या अवस्थेत मीसुद्धा ‘इथे काय बघायचं?’ असंच म्हटलं असतं. यात त्या गावाचा काही दोष नाही.

पण काकू, ‘अशी घरं कोकणात फुकट दिसतात’ हे वाक्य मला दोन दिवस सोडत नाहीये. माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, पुढे पडवी, मागे न्हाणीघर. मामांनी ते पाडून स्लॅबचं घर बांधलं. त्यांना दोष देत नाही, दर पावसाळ्याला शाकारणी करणं आता कोणाला झेपतं? पण त्या घराबरोबर जातं, उखळ, भात सडायची मुसळं, सगळं गेलं. आज माझ्या मुलीला दाखवायला माझ्याकडे एक फोटोसुद्धा नाही. २०१९ मध्ये मी पहिल्यांदा कुम्रोवेत्सला गेले तेव्हा एका लाकडी घराच्या उंबऱ्यात उभी राहून मला तेच आठवत होतं.

आणि त्या गावाची एक गोष्ट आम्ही तुम्हाला बसमध्येच सांगायला हवी होती. युरोपात जुन्या घरांची उघड्यावरची म्युझियम पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी घरं कुठून कुठून उचलून आणून एका मैदानात पुन्हा उभी केलेली असतात. कुम्रोवेत्सची घरं जागची हललेली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला ती जिथे होती तिथेच आहेत. तोच रस्ता, तोच ओढा, त्याच परसबागा. घरं आणि गोठे-कोठारं मिळून चाळीसच्या आसपास वास्तू दुरुस्त करून राखल्या आहेत. सुरुवात टिटोंच्या घरापासून झाली. योसिप ब्रोझ टिटो १८९२ मध्ये तिथे जन्मले. त्यांच्या आईचं माहेर सुत्ला नदीपलीकडे, आजच्या स्लोव्हेनियात. टिटोंचं घर १८६० मध्ये बांधलेलं, गावातलं पहिलं विटांचं. १९५३ मध्ये ते म्युझियम झालं आणि १९७७ पासून शेजारची घरंही एकेक करून दुरुस्तीला घेतली गेली. म्हणजे टिटो आवडोत न आवडोत, त्यांच्यामुळे आसपासच्या साध्या शेतकऱ्यांची घरं वाचली. तिथल्या लोकांतही त्यांच्याविषयी एकमत नाही. अंगणातला लांब कोटातला टिटोंचा पुतळा शिल्पकार आउगुस्तिंचिच यांनी घडवलेला, १९४८ चा. २००४ मध्ये कोणीतरी स्फोट करून त्याचं डोकं उडवलं होतं, मग तो दुरुस्त केला. नेहरूंबरोबर अलिप्ततावादाची चळवळ उभी करणाऱ्या माणसाचं जन्मघर भारतीय प्रवाशाला दहा मिनिटं दाखवावं असं मला अजूनही वाटतं. आपण तिथे दहाच मिनिटं थांबलो होतो.

बाहुल्यांबद्दल म्हणाल तर तो झागोर्येतल्या लग्नाचा देखावा होता. तो बघण्यात गोडी आहे, पण समजावून सांगणारं कोणी नसेल तर तो दुकानातल्या काचेसारखाच दिसतो, हे मान्य. माझा जीव अडकतो तो दुसऱ्या घरात, जिथे झाडापासून कापडापर्यंतचा प्रवास मांडलाय. असा धागा देणारं एक झाड म्हणजे आपलं जवस. माझी सासू विदर्भातली. तिच्या घरी जवस म्हणजे चटणी आणि तेल. त्याच झाडाच्या काडीतून लिननचा धागा निघतो हे मला तिथे जाईपर्यंत कधी डोळ्यांनी दिसलं नव्हतं. काड्या पाण्यात कुजवायच्या, वाळवायच्या, मग लाकडाच्या जबड्यासारख्या अवजारात धरून ठेचत राहायचं. काडीचा आतला लाकडी भाग भुसा होऊन खाली पडतो. उरलेला झुपका खिळ्यांच्या फणीतून ओढायचा, पुन्हा ओढायचा, की हातात राहतात ते अगदी म्हाताऱ्या बाईच्या केसांसारखे करडे, मऊ, लांब तंतू. हे सगळं घरातल्या बायका करायच्या, आणि मग कातायचं, विणायचं. तुम्ही ग्रुपवर त्या फणीचा फोटो टाकला होता आणि खाली ‘हे काय असावं?’ असं विचारलं होतं. तिथेच कोणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. ते झालं नाही याचं मला अंड्याइतकंच वाईट वाटतंय.

प्लिटविसेचं थोडक्यात सांगते. तलाव झाग्रेबच्या दक्षिणेला सुमारे एकशेतीस किलोमीटरवर आणि कुम्रोवेत्स वायव्येला. हा अर्धा दिवस वाचवला असता तरी तो तलावांना जोडता आला नसता. शिवाय तिथे प्रवेशाची तिकिटं ठरलेल्या तासाची असतात. ज्यांना तलावांवर दोन दिवस हवेत त्यांच्यासाठी वेगळी आखणी आम्ही जरूर करून देतो, पण या सहलीतून कुम्रोवेत्स काढणार नाही. बदल एवढाच की आता सकाळी पहिलं तेच, आणि सोबत तिथली माहीतगार व्यक्ती, जिचं बोलणं आपला माणूस मराठीत सांगेल.

राहिलं खेळणं. तुम्ही लिहिलंय, सावंतवाडीला मिळतात तसलीच होती, तरी नातवासाठी घ्यायची होती. साम्य आहे खरं. पण झागोर्येच्या खेळण्यांची कथा ऐकलीत तर तुम्हाला आवडेल. मारिया बिस्त्रित्सा हे तिकडचं मोठं देवस्थान. तिथे चालत जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरच्या गावांत ही खेळणी पिढ्यानपिढ्या होतात. जत्रेहून परतताना पोरांसाठी काहीतरी न्यायचं, हे तिथेही आपल्यासारखंच. विलो, लिंडेन, बीच, मेपल यांचं लाकूड. पुरुष कोरतात, बायका रंगवतात, पिवळा, लाल किंवा निळा हात मारून वर फुलं काढतात. सगळं हाताचं काम, त्यामुळे एक खेळणं दुसऱ्यासारखं हुबेहूब होत नाही. २००९ मध्ये युनेस्कोने या कलेची अमूर्त वारशात नोंद केली. शिट्ट्या, घोडे, बाहुलीच्या घरातलं इवलंसं सामान आणि पंख फडफडवणारा पक्षी. तो पक्षी मी पहिल्या खेपेला माझ्या मुलीसाठी आणला होता. जमिनीवरून ढकलला की पंख फट्‌फट्‌ आपटतात. खालच्या मजल्यावरच्या आजी तक्रार घेऊन आल्या आणि स्वतःच दोन फेऱ्या मारून गेल्या.

त्या दिवसाच्या जेवणाचे आणि कुम्रोवेत्सच्या प्रवेशाचे पैसे आज तुमच्या खात्यात जमा केले आहेत. सप्टेंबरच्या ग्रुपबरोबर मी स्वतः जाते आहे. नातवासाठी पक्षी घेऊन येईन. पिवळा, लाल की निळा, तेवढं ऑफिसच्या नंबरवर कळवा.