ऑगस्टात घड दिसला नाही, म्हणून नाशिकची वाइन खोटी ठरत नाही

गेल्या दोन आठवड्यांत एकच मजकूर मला तीन ठिकाणांहून आला: आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसातून आणि शाळेतल्या मैत्रिणींकडून. ऑगस्टमध्ये नाशिकची एक वाइनरी बघून आलेल्या कुणा मुंबईकर कुटुंबाचा अनुभव म्हणून तो फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: मळ्यात एकही घड नव्हता, म्हणजे माल बाहेरून आणतात. वाइनची द्राक्षं थंड देशातच येतात, आपल्याकडे खाऊन उरलेली द्राक्षं साखर घालून आंबवतात. रसायनं असतात म्हणून डोकं दुखतं. बाटलीला बूचसुद्धा नसतं. गर्दीत घाईघाईने चार घोट देऊन बोळवण करतात. शेतकऱ्याला यातून दमडी मिळत नाही. तेव्हा वाइनरी बघायचीच असेल तर पैसे साठवून युरोपात जा.

एरवी असं काही आलं की मी वाचून सोडून देते. हे सोडवलं नाही. माझं आजोळ दिंडोरी तालुक्यातलं. मामांची तीन एकर द्राक्षबाग आहे आणि त्यातला एक एकर मध्यंतरी वाइनच्या द्राक्षांखाली होता. म्हणून एकेक मुद्दा घेते, आणि मजकुरात जे बरोबर आहे तेही सांगते.

आधी तो रिकामा मळा, कारण सगळा मजकूर त्याच्यावर उभा आहे. ऑगस्टात घड नव्हता? नसणारच. सटाण्याकडची अर्ली द्राक्षं सोडली, तर त्या दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या बागांमध्ये घड नसतो. मामांना फोन करून मी मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले, “अगं, त्या मंडळींना सांग, एवढ्या पावसात घड असता तर डावणी रोगाने आठ दिवसांत संपवला असता.”

थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची तोडणी होते. आपल्याकडे वेलीला झोप लागेल एवढी थंडी पडत नाही. मोकळी सोडली तर ती बाराही महिने वाढत राहील आणि धड फळणार नाही. म्हणून आपला शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी: सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपर्यंत, काढून टाकायच्या. मग एप्रिल-मेच्या कडक उन्हात ज्या नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत पुढच्या पिकाचा घड तयार होतो. तो इतका बारीक असतो की काडीचा डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. बागाईतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. पावसाळाभर वेल पानं आणि काडी सांभाळते. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. ठरावीक डोळे राखून काडी कापतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, आणि उन्हाळ्यात आत दडलेला तो घड आठ-दहा दिवसांत फुटव्याबरोबर बाहेर येऊ लागतो. तोडणी जानेवारी ते मार्च.

म्हणजे त्या कुटुंबाने पाहिलेल्या हिरव्या, बिनफळांच्या वेलींमध्ये या वर्षीचं पीक होतंच, फक्त काडीच्या डोळ्यांत बंद. हे तंत्र कुठल्याही परदेशी सल्लागाराने आपल्याला शिकवलेलं नाही. वाइनऱ्या आल्या त्याच्या कितीतरी आधीपासून नाशिक, सांगली, सोलापूरचे द्राक्षबागाईतदार थॉम्पसन या खायच्या द्राक्षावर हेच करत आले आहेत. वाइनरीवाल्यांनी ते उचललं, म्हणून इथे वाइन होऊ शकली. या मजकुराचा मला राग येतो तो याचसाठी. ज्या कसबामुळे ही वाइन शक्य झाली, तेच कसब तो फसवणुकीचा पुरावा म्हणून दाखवतो.

“वाइनची द्राक्षं थंड देशातच येतात.” पाठ्यपुस्तकांत ३० ते ५० अक्षांशांचा पट्टा दिलेला असतो, तिथून हे आलं. नाशिक २० अक्षांशावर आहे, हे खरं. पण नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि घड पिकतो तो थंडीच्या महिन्यांत. निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांतही बातमी येते. दिवसा ऊन, रात्री गारवा: उन्हाने साखर चढते, गारव्याने आंबटपणा टिकतो. ब्राझीलमध्ये साव फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यात, विषुववृत्तापासून जेमतेम नऊ अंशांवर, वर्षात दोन-दोन पिकं काढून वाइन करतात. आपल्याकडेही हे कालपरवाचं नाही. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकातच फेसाळ वाइन करायला घेतली आणि ती ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली गेली. मुंबईचे राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आले आणि गंगापूर धरणाच्या परिसरात वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी सुला ही वाइनरी उभी केली. २०१३ साली तर फ्रान्सच्या मोएत हेनेसी या शॅम्पेन करणाऱ्या समूहाने दिंडोरीत केलेली ‘शाँदों’ ही फेसाळ वाइन बाजारात आणली. इथे द्राक्षं येत नसती तर शॅम्पेनवाले दिंडोरीत कशाला आले असते?

आता उरलेल्या द्राक्षांचा आरोप. याला उत्तर देण्यापेक्षा मी जे हातात घेतलं ते सांगते.

मागच्या फेब्रुवारीत गंगापूर धरणाजवळच्या एका वाइनरीत सकाळी आठलाच पोचलो होतो. शिराझ या वाइनच्या जातीच्या ओळीत तोडणी चालली होती. कात्री चालवणाऱ्या एका बाईंनी एक घड माझ्या तळहातावर ठेवला. मणी वाटाण्याएवढा. साल चिवट, आत बिया, गर जेमतेम, पण गोडी अशी की ओठ एकमेकांना चिकटले. साल चोळली तर बोटं जांभळी झाली आणि तो रंग घरी येईपर्यंत नखांत होता. मग तिथल्या सुपरवायझरने रिफ्रॅक्टोमीटर दिला. छोट्या दुर्बिणीसारखी नळी असते. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. आत निळा-पांढरा भाग जिथे मिळतो, तिथला आकडा म्हणजे ब्रिक्स, रसात साधारण किती टक्के साखर आहे ते. तो २३ होता. मामांच्या खायच्या थॉम्पसनला १८ आला की ते तोडणी सुरू करतात.

खायच्या द्राक्षाचं सगळं उलट असतं. मणी फुगावा म्हणून जीए या संजीवकात घड बुडवणं (डिपिंग), विरळणी, पातळ साल, भरपूर पाणी, बी नको. वाइनला रंग आणि चव लागते ती सालीतून, म्हणून लहान मणी आणि जाड साल हवी. उरलेला आणि हलका थॉम्पसन जातो बेदाण्याला. स्वस्तातली गोड ‘पोर्ट वाइन’ खायच्या द्राक्षांची करतात आणि तिला वरून गोडी देतात, हे मी नाकारत नाही. पण ज्या वाइनऱ्या बघायला आपण जातो, त्यांच्या बाटलीवर शेनँ ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शिराझ अशी जात छापलेली असते, आणि ती जात बाजार समितीत विकायला येत नाही.

साखरेचं म्हणाल तर लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल होतं. २३ ब्रिक्सच्या रसाला वरून साखर लागतच नाही. ती लागते थंड फ्रान्समध्ये, जिथे एखाद्या वर्षी द्राक्ष पुरतं पिकत नाही. आंबवण्यापूर्वी रसात साखर घालायची तिथे कायद्याने ठरावीक मर्यादेत मुभा आहे आणि या रीतीला नाव आहे नेपोलियनच्या मंत्र्याचं, शाप्तालचं. आपली अडचण आंबटपणाची. तो कमी पडला तर टार्टारिक आम्ल घालतात. ते द्राक्षातलंच आम्ल आहे आणि ऑस्ट्रेलियातही तेच करतात.

डोकेदुखी आणि सल्फाइट: “कंटेन्स सल्फाइट्स” हे युरोपातल्या बाटलीवरही छापलेलं असतं. सल्फाइट म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात ती गंधकाची संयुगं, आणि यीस्ट स्वतःही ती थोडी तयार करतं. गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्या बेदाण्यात वाइनपेक्षा कितीतरी जास्त असतं. दमेकऱ्यांनी जपावं, हे खरं. बाकी डोकं धरतं ते बहुतेक वेळा जास्त घेतल्याने आणि पाणी कमी प्यायल्याने. आणि विषय निघालाच आहे तर याच्या उलटा मजकूरही फिरतो, वाइन हृदयाला चांगली म्हणून. तोही पुढे पाठवू नका. दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

बूच नाही म्हणजे माल हलका, हे तर मुळीच नाही. न्यूझीलंडच्या जवळजवळ सगळ्या वाइनला फिरकीचंच झाकण असतं. मुंबईत नाशिकची बाटली आंबट किंवा उतरलेली लागते त्याचं खरं कारण मला वाटतं आपला उकाडा. मे महिन्यात दुकानाच्या वरच्या फळीवर, पंखासुद्धा नाही अशा जागी बाटली महिनाभर उभी असते. मी स्वतः एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या ठेवून पाहिल्या, एक फ्रिजमध्ये, एक स्वयंपाकघराच्या माळ्यावर. जूनमध्ये उघडल्या. माळ्यावरच्या शेनँचा रंग गडद झाला होता आणि वास सफरचंद कापून ठेवल्यावर येतो तसा.

राहिला शेतकरी, आणि इथे मजकुरात थोडं खरं आहे. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. त्या भरात मामांनी एक एकर शिराझ लावली. २००८-०९ची मंदी आली आणि ज्यांनी शब्द दिला होता त्यांनी माल उचलला नाही. २०१० मध्ये मामांनी तो एकर उपटून पुन्हा थॉम्पसन लावली. वेली उपटल्या त्या दिवशी मामी जेवल्या नाहीत. तेव्हा वाइनमुळे शेतकऱ्याचं सोनं झालं असं मी म्हणणार नाही.

पण दमडी मिळत नाही हेही खोटं. शेजारच्या बागेवाल्यांचा आज एका वाइनरीशी बऱ्याच वर्षांचा करार आहे, भाव आधी ठरतो, पैसे खात्यात येतात. एकरी माल कमी निघतो, पण डिपिंग आणि विरळणीची मजुरी वाचते आणि मणी देखणा दिसावा लागत नाही. तिकडे खायच्या द्राक्षाला अवकाळीने तडे गेले की व्यापारी भाव पाडतो, आणि माल भरून पैसे न देता पळून गेलेल्या व्यापाऱ्यांच्या कहाण्या नाशिकात गावोगाव आहेत. मामा म्हणतात, “करार लेखी असेल तर मी अजून एकदा लावीन.”

युरोपात जरूर जा. पण तपोवन एक्सप्रेसने सकाळी निघून रात्री परत येता येतं तिथे जाऊ नका, असं कशासाठी? ट्रेनने जाण्याचा फायदा हा की कुणालाच गाडी चालवायची नसते. शनिवार-रविवार टाळा. गर्दीत तिथली माणसं घाई करतात आणि चार घोट देऊन मोकळी होतात, ही मजकुरातली तक्रार अगदी रास्त आहे. आधी फोन करून तोडणी चालू आहे का विचारा आणि टाक्यांची खोली दाखवा म्हणून आग्रह धरा.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “मग आम्ही कधी जायचं ते सांग ना.” मी मामांना विचारलं. शेजारची गोडी छाटणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धरलीय. तिथून शिराझला एकशे चाळीस-पंचेचाळीस दिवस. काकूंना फेब्रुवारीचा तिसरा आठवडा कळवलाय.