मोकळी रॅम वाया जात नसते

भाच्याने एक पोस्ट पाठवली आणि खाली विचारलं, "मामा, मग क्यूटी शिकणं सोडून देऊ का?" क्यूटी म्हणजे सी++मध्ये डेस्कटॉप ॲप्स बांधायचं साधन. पोस्टचा मथळा होता, 'डेस्कटॉपवरचा नेटिव्ह इंटरफेस संपला'; नेटिव्ह म्हणजे ब्राउझरशिवाय थेट सिस्टिमवर चालणारा. म्हणणं असं, की सगळं वेब पानांसारखं एचटीएमएल-सीएसएसमध्ये लिहा, इलेक्ट्रॉनमध्ये (वेब पानाचं ब्राउझरसकट डेस्कटॉप ॲप करणारं साधन) गुंडाळा आणि मोकळे व्हा; ज्यांना हे पटत नाही ते जुन्या जमान्यातले कुरकुरे. ठीक आहे, मी कुरकुरा. पण निदान कुरकुर तरी नीट ऐकून घ्या. पोस्टमधले दावे एकेक करून घेतो.

'मोकळी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम.' सगळ्यात जास्त टाळ्या या वाक्याला आहेत आणि सगळ्यात मोठा घोळही यातच आहे. हे वाक्य ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशबद्दल, म्हणजे पुन्हा लागतील म्हणून हाताशी ठेवलेल्या प्रतींबद्दल, खरं आहे. लिनक्सवर मेमरीचा हिशोब दाखवणारी 'फ्री' कमांड चालवून बघा. 'फ्री'च्या रकान्यात थोडीच मेमरी दिसते, 'अव्हेलेबल'च्या रकान्यात बऱ्याचदा कितीतरी जास्त. कारण कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, रिकाम्या जागेत फायलींच्या प्रती ठेवलेल्या असतात. मूळ फाइल डिस्कवर असतेच, त्यामुळे गरज पडली की या प्रती तिथल्या तिथे टाकून देता येतात. जावास्क्रिप्टच्या हीपमधला, म्हणजे ॲपने चालताना स्वतःसाठी घेतलेल्या मेमरीतला, डेटा असा टाकता येत नाही, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. तो एक तर कॉम्प्रेस करून ठेवायचा, नाहीतर स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, लिहायचा, आणि पुन्हा लागला की परत आणायचा. कॅश म्हणजे ऊठ म्हटलं की उठणारा पाहुणा. हीप म्हणजे भाडेकरू.

त्यात प्रत्येक इलेक्ट्रॉन ॲप स्वतःचं क्रोमियम, म्हणजे क्रोमचा गाभा असलेला ब्राउझर, घेऊन येतं. टास्क मॅनेजरमध्ये एखाद्या चॅट ॲपच्या नावापुढचा बाण उघडा: मुख्य प्रोसेस, पान रंगवणारा रेंडरर, जीपीयूची वेगळी, नेटवर्कची वेगळी. नेटिव्ह ॲप्स सिस्टिमच्या लायब्ररीची मेमरीतली एकच प्रत वाटून घेतात. इथे चॅट, नोट्स आणि पासवर्ड मॅनेजर अशी तीन ॲप्स उघडली की तीन ब्राउझर उघडले. आणि पोस्टवाला सांगतो, रॅम स्वस्त आहे. सोल्डर केलेली, म्हणजे वाढवता न येणारी, रॅम असलेल्या लॅपटॉपवाल्याला जाऊन सांगा म्हणावं.

'ब्राउझरचा सँडबॉक्स असतो, म्हणून वेब इंटरफेस जास्त सुरक्षित.' सँडबॉक्स म्हणजे पानातल्या कोडला बाकी मशिनपासून दूर ठेवणारं कुंपण. इलेक्ट्रॉनमध्ये रेंडररचा सँडबॉक्स आपोआप चालू असणं आवृत्ती 20 पासून, म्हणजे 2022 मध्ये सुरू झालं. त्याआधी तो डेव्हलपरने आठवणीने लावायचा होता. ते सोडा, सप्टेंबर 2023 आठवा. लिबवेबपी या चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत सीव्हीई-2023-4863 या क्रमांकाचा सुरक्षा-दोष सापडला, तोही हल्ल्यांत वापरला जात असताना. ॲपल आणि टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने तो गूगलला कळवला आणि काही दिवसांत क्रोम दुरुस्त झालं. तुमचा ब्राउझर सुरक्षित झाला, पण त्याच मशिनवरच्या इलेक्ट्रॉन ॲप्समधली क्रोमियम तशीच राहिली. आधी इलेक्ट्रॉनने दुरुस्त आवृत्ती काढायची, मग प्रत्येक ॲपवाल्याने ती घेऊन आपलं ॲप पुन्हा बांधायचं, मग तुम्ही अपडेट करायचं. ज्या ॲपचा निर्माता झोपला होता, ते उघडंच. नेटिव्ह ॲपनेही लिबवेबपी पोटात घेतली असेल तर त्याचीही हीच गत, हे खरं. पण सिस्टिमची लायब्ररी वापरणारी ॲप्स सिस्टिमच्या एका अपडेटने सुटतात. हा फरक पोस्टमध्ये कुठे आहे?

'व्हीएस कोड वेगवान आहे, विषय संपला.' व्हीएस कोड हा इलेक्ट्रॉनवरच बांधलेला मायक्रोसॉफ्टचा कोड एडिटर. इथे थोडं मान्य करावं लागतं, नाइलाजाने. 2018 मध्ये त्या टीमने एडिटरचा टेक्स्ट बफर (उघड्या फाइलचा मजकूर मेमरीत सांभाळणारा भाग) सी++मध्ये लिहून पाहिला होता. पण जावास्क्रिप्ट आणि सी++ यांच्यात मजकुराच्या तुकड्यांची (स्ट्रिंग) ने-आण करण्यातच सगळा फायदा खर्ची पडला, म्हणून त्यांनी तो टाइपस्क्रिप्टमध्येच (जावास्क्रिप्टचंच एक रूप) नव्या रचनेने लिहिला. म्हणजे 'नेटिव्ह कोड घातला की वेग वाढतो' हेही आंधळेपणाने बोलू नये. पण याच एडिटरमधला सगळ्या फायलींतला शोध रिपग्रेप हे वेगळं साधन करतं, आणि ते रस्ट या नेटिव्ह कोड देणाऱ्या भाषेत लिहिलेलं आहे. शिवाय कामगिरीवर असं राबणारी टीम किती ॲप्सच्या नशिबी असते?

'वापरणाऱ्याला फरक कळत नाही.' कळतो, नाव सांगता येत नाही इतकंच. खिडकी लहान करा आणि तळाशी राइट-क्लिक करा. पानातच काढलेला मेनू खिडकीच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही, म्हणून तो उलटा उडी मारतो किंवा कापला जातो. साइडबारवरून माउस ओढला की कधीकधी बटणांवरची अक्षरं लेखातल्या मजकुरासारखी निवडली जाऊन निळी होतात.

'एकदा लिहा, सगळीकडे तंतोतंत चालवा' हे क्यूटीवाले 1995 पासून बऱ्याच अंशी करत आहेत. मॅकवर त्यांची बटणं जरा परकी वाटतात, तेवढं चालायचंच.

आणि शेवटी पोस्टवाला म्हणतो, ॲपचा आकार खटकत असेल तर टॉरी हे इलेक्ट्रॉनसारखंच साधन वापरा, ते क्रोमियम सोबत आणत नाही. बरोबर, कारण ते सिस्टिमचा वेबव्ह्यू, म्हणजे सिस्टिममध्ये आधीच असलेला पान दाखवणारा भाग, वापरतं: विंडोजवर क्रोमियमवरचा वेबव्ह्यू2, मॅकवर आणि लिनक्सवर वेबकिट या दुसऱ्या ब्राउझर इंजिनच्या दोन वेगळ्या आवृत्त्या. मग ते 'सगळीकडे तंतोतंत' कुठे गेलं?