आधी उदासी की आधी पावडर?

आमच्या इंदूरला कट्टा नाही म्हणत, ओटला म्हणतात. रामबागेतला आमचा ओटला रविवारी सकाळी आठला भरतो. पोह्यांवर शेव, जीरावण आणि कागदावर गरम जिलबी.

या रविवारी गल्लीतला एक मुलगा पाच मिनिटं येऊन बसला. नाव नाही लिहीत. पावडरच्या नशेपायी गेला होता, नशामुक्ती केंद्रातून दुसऱ्यांदा परत आलाय. जिलबीचा एक वेढा तोडून त्यानं बोटांत धरला, पाक मनगटापर्यंत ओघळला, तरी तोंडात नाही घातला. "चव नाही लागत काका," एवढंच बोलला आणि उठून गेला.

तो कोपऱ्यावर वळला आणि अण्णा सुरू झाले. "संगत! दुसरं काही नाही. अफू माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकते, मंदसौर-नीमचला लायसन्सवर आजही पिकते. सगळे शेतकरी काय नशेत बुडाले?"

मुद्दा खोटा नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या मुलाची आधीची दोन वर्षं होती. नोकरी गेली, मग गणपतीत ताशा वाजवणं सुटलं, मग भर दुपारी पडदे ओढून पडून राहायला लागला. पावडर त्यानंतर आली. हा क्रम मी पाहिलाय, आणि तेव्हा मीच त्याला "मन घट्ट कर" सांगून वाटेला लावलं होतं. ते मला आजही टोचतं.

मेडिकलवाला भाऊ म्हणाला, "मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालं असेल. गोळीनं भरून निघतं."

"इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!" बाई म्हणाल्या. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, भाऊही त्यांचाच विद्यार्थी. "2022 मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. उदासी म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, याला भक्कम पुरावा नाही मिळाला. गोळ्या बऱ्याच जणांना लागू पडतात, ते वेगळं. तू डायनॉर्फिन ऐकलंयस?"

नव्हतं ऐकलं. मग बाईंनी बोटानं ओटल्यावर रेघ ओढून दाखवली. मेंदूच्या मधल्या भागातून काही पेशींचे धागे पुढे न्यूक्लियस अक्युम्बेन्स नावाच्या छोट्याशा केंद्रात जातात. काही चांगलं मिळणार असं दिसलं की तिथे डोपामिन नावाचं रसायन सुटतं, आणि माणसाचा हात पुढे होतो. त्याच जागी त्याचा लगामही बनतो, तो डायनॉर्फिन. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ अव्रम गोल्डस्टीन यांच्या गटानं 1979 साली तो ओळखला. परिणाम इतका जबरदस्त, की ग्रीकमधल्या 'शक्ती'वरून नाव ठेवलं. मेंदूनं स्वतः बनवलेलं, अफूच्याच कुळातलं रसायन. पण अफूतलं मॉर्फिन पेशीवरच्या ज्या कुलपात बसतं त्यात न बसता शेजारच्या कुलपात बसतं आणि डोपामिन अडवतं.

"म्हणजे सुखाऐवजी उदासी?" भाऊनं विचारलं.

"हो. उंदरांना ताणात ठेवलं की त्या केंद्रात क्रेब नावाचं प्रथिन जागं होतं, ते डायनॉर्फिन वाढवतं. आणि गंमत नाही सांगत, सतत नशा केली तरी तेच क्रेब जागं होतं. नशेनं डोपामिन उसळलं, मेंदूनं लगाम आणखी आवळला. नशा उतरली, आवळलेला लगाम तसाच. मग जिलबी कशी गोड लागणार?"

जिलबीचा तो तुकडा अजून कागदावर होता. कोणी उचलला नाही.

म्हणजे दोन दुखणी एकाच उंबऱ्यावर येतात. उदास माणसाचा लगाम आधीच आवळलेला. त्याला पावडरनं तासभर मोकळं वाटतं, आणि बदल्यात तो आणखी करकचतो. कधी नशा आधी, उदासी मागून. मला यात मुलाची लबाडी कुठे दिसत नाही.

अण्णा मात्र हटले नाहीत. "सगळं रसायनावर ढकललं तर माणसाची जबाबदारी कुठे गेली?"

यावर बाईंनी दिलेलं उदाहरण उलट अण्णांच्याच बाजूचं होतं, आणि ते त्यांनी मोकळेपणानं दिलं. 1971 मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. तिथे सुमारे 20 टक्के सैनिक हेरॉइनसारख्या नशेत अडकले होते. घरी आल्यावर पहिल्या वर्षात अशा शंभरातले पाचच पुन्हा अडकले. युद्ध मागे राहिलं, जागा बदलली, ताण गेला.

"बघा, संगत!" अण्णा.

"आणि ताण," बाई. "आपला मुलगा परत आला तो कुठे? त्याच खोलीत, त्याच पडद्यांमागे."

अण्णा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "केंद्रात झोप-भूक काही विचारलं असेल ना त्याला?"

त्याच्या आईनं मला सांगितलंय. दोन्ही वेळा नाही विचारलं. पावडर सुटली, कागदावर सही झाली, घरी पाठवला. उदासीसाठी मानसोपचार डॉक्टर दाखवायला कोणी सांगितलं नाही. याची मला खरी चीड आहे.

भाऊनं सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर काढला, 14416. चोवीस तास, फुकट. "पण तो फोन नाही करणार," अण्णा म्हणाले. "संध्याकाळी मी जातो त्याच्याकडे, तिथूनच लावू. पण संगतीचं मी सोडणार नाही हं, बाई."

"नका सोडू. तेही विचारा. पण आधी रात्री झोपला का ते विचारा."