नोटरी केली म्हणजे जमीन नावावर होत नाही

प्लॉटिंगवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरत असतो. सारांश असा: 'नोटरी सरकारनेच नेमलेला असतो, म्हणून 500 च्या बाँडवर नोटरी केलेला दस्त रजिस्ट्रीइतकाच पक्का. 11 महिन्यांच्या भाडेकराराला नोटरी पुरते. मृत्युपत्राला नोटरी लागतेच. लग्न आणि फारकतही तिथेच होते. आणि सनद मिळाली की कुठलाही वकील नोटरी होतो.' यात खरं एवढंच, की नेमणूक सरकार करतं.

ती होते 1952 च्या नोटरी कायद्याखाली, केंद्राकडून किंवा राज्याकडून. त्याच कायद्याच्या कलम 8 मध्ये नोटरीची कामं दिली आहेत: दस्तावरची सही प्रमाणित करणं, शपथ देऊन प्रतिज्ञापत्र घेणं, भाषांतर पडताळणं, न वटलेल्या हुंडीची नोंद करणं वगैरे. विकणाऱ्याची मालकी तपासायचं काम त्यात कुठेच नाही. समोर बसलेला माणूस तोच आहे आणि सही त्यानेच केली, इतकंच नोटरी सांगतो. जमीन त्याच्या बापाची की शेजाऱ्याची, याच्याशी शिक्क्याला देणंघेणं नाही.

नोटरी केलेल्या कागदाचा शेवटचा ताव उलटून बघा. 5 सेंटिमीटर व्यासाचा गोल शिक्का, त्यात नोटरीचं नाव, कार्यक्षेत्र, नेमणाऱ्या सरकारचं नाव. शेजारी तिकीट आणि एक अनुक्रमांक. हा अनुक्रमांक नोटरीच्या स्वतःच्या रजिस्टरातला, ज्यात तुमचीही सही घेतात. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या दस्त क्रमांकाशी त्याचा काही संबंध नाही. पण 'बघा, नोंद झाली की नाही?' म्हणत नेमकं तिथेच बोट ठेवणारे एजंट कमी नाहीत.

खरं नुकसान होतं ते गुंठ्यांच्या व्यवहारात. 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीला 1908 च्या नोंदणी कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी नसेल तर त्या कागदाने मालकी बदलत नाही. खरेदीखत नाही म्हणजे इंडेक्स टू (नोंदणी झाल्याचा निबंधकाकडचा उतारा) नाही, आणि असल्या कागदावर तलाठी फेरफार घेत नाही. सातबारा मूळ मालकाच्याच नावावर राहतो. तोच गुंठा तो उद्या दुसऱ्याला रीतसर विकूही शकतो. मग नोटरीचा मार्ग निघालाच का? बऱ्याचदा शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकायला आडकाठी करणाऱ्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठे शेतजमिनीचा दस्त नोंदवलाच जात नाही म्हणून. म्हणजे जे निबंधकाने अडवलं, तेच नोटरीच्या टेबलावरून पुढे सरकवायचं. साठेखत (पुढे विकण्याचा करार), कुलमुखत्यारपत्र, ताबा पावती अशी चळतही सोबत देतात. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

बरं, पैसे तरी वाचतात का? मुद्रांक शुल्क लागतं ते दस्ताला. तो नोंदवला नाही म्हणून माफ होत नाही. महाराष्ट्रात ताबा देणारं साठेखतही शुल्कापुरतं खरेदीखतच धरतात. 500 चा बाँड लावलेला असा कागद पुढे कोर्टात दाखवायची वेळ आली, की उरलेलं शुल्क आणि त्यावर दंड भरावा लागतो.

11 महिन्यांचं म्हणाल, तर वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, हा देशभरचा नियम इथे लोकांनी उचलला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. जबाबदारी घरमालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य. नोटरीचा हजारभर खर्च करून घरमालक हे स्वतःच्या गळ्यात बांधून घेतो!

मृत्युपत्राला नोटरी लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदारांनी सह्या करणं मात्र आवश्यक. गोव्याचा प्रकार वेगळा: तिथल्या 2012 च्या वारसाहक्क कायद्यातला 'विशेष नोटरी' हा सरकारी अधिकारी असतो, बाहेर टेबल टाकून बसणारा वकील नव्हे.

लग्न-घटस्फोटावर फार बोलायला नको. नोटरीने असली प्रतिज्ञापत्रं करून देऊ नयेत, अशी ताकीद केंद्रीय विधी मंत्रालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये दिली आहे.

राहिली सनद. अर्जासाठी वकिलीची किमान 10 वर्षं लागतात; महिला आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग यांना 7. प्रमाणपत्र 5 वर्षांचं, मग नूतनीकरण, आणि काम नेमून दिलेल्या क्षेत्रातच. एवढं करून मिळालेलं प्रमाणपत्र गैरवर्तन सिद्ध झाल्यास जाऊही शकतं. म्हणून 'आधारची झेरॉक्स पाठवा, नोटरी होऊन येईल' असं म्हणत कोणी तुम्ही समोर नसतानाच शिक्का मारून दिला, तर त्या नोटरीविरुद्ध नेमणूक करणाऱ्या सरकारकडे तक्रार करता येते. कुठलं सरकार, ते शिक्क्यातच लिहिलेलं असतं.