तिसरा होम

"होम ठरला! आठवड्याभरात घरी येतोय. कुणाला बोलू नकोस."

हे मी मित्राला फोनवर सांगितलं, तेही बाल्कनीत जाऊन, मागचं दार ओढून घेऊन. आमच्या आईला कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी तीनच ऐकू येतात. हे वाक्य मात्र दाराआडून अक्षरशः ऐकू आलं. संध्याकाळी पाहतो तर ती स्टूल मांडून माळ्यावरचं तांब्याचं होमकुंड काढायच्या खटपटीत.

"देवाने सद्बुद्धी दिली म्हणायची," ती म्हणाली. "घर घेऊन अकरा वर्षं झाली, वास्तुशांत राहिलीच होती."

आता तिला कसं सांगणार, की हा होम म्हणजे अमेरिकेतल्या डेलनी आणि बॉनी ब्रॅमलेट या नवरा-बायकोने १९६९ साली काढलेली गाण्यांची तबकडी आहे? नावच 'होम'. म्हणजे घर. आमच्या घरात या 'घरा'वरून जेवढी भांडणं झाली, तेवढी गृहकर्जाच्या हप्त्यावरूनही झालेली नाहीत. कारण हा माझा तिसरा होम. पहिले दोन सीडीच्या रूपाने कपाटात आहेत, पैकी एकावर बायकोने स्केचपेनने 'स्वाहा' असं लिहून ठेवलंय.

पहिली सीडी न्यू जर्सीच्या मावसभावाने आणली. दुसरी २००६ सालची, आवाज झाडूनपुसून स्वच्छ केलेली. पुनर्प्रकाशन करणाऱ्या कंपन्यांना माझ्यासारख्यांची नाडी बरोबर सापडलेली असते. मूळ रेकॉर्डवर दहा गाणी. त्यांच्या शेवटी त्या काळात गाळलेली आणखी काही गाणी जोडायची आणि पाठीवर 'बोनस ट्रॅक' असं छापायचं. बायकोचं म्हणणं असं, की गाळलेली वस्तू गाळलेलीच बरी. चहाचा चोथा कुणी बोनस म्हणून देतं का?

"पण आवाजात फरक आहे," मी सांगून पाहिलं.

"दोन्ही लाव. मी डोळे मिटून ओळखते."

लावल्या. तिला फरक कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही, पण मी 'बघ, बास किती मोकळा झालाय' म्हणालो. तो बास, म्हणजे खर्जातली गिटार, या रेकॉर्डवर वाजवलाय डोनाल्ड 'डक' डनने. तो मोकळा नव्हता कधी?

खरी गंमत या रेकॉर्डच्या नशिबात आहे, आणि ती सांगायला घेतली की आमच्याकडे सगळ्यांना कामं आठवतात. तुम्ही सापडलाच आहात तर ऐका. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात मॅकलेमोर अव्हेन्यूवर एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर होतं. तिथे जिम स्टुअर्ट आणि त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी स्टुडिओ थाटला आणि दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून नाव ठेवलं 'स्टॅक्स'. आमचं 'होम' याच कंपनीचं. खुर्च्या काढल्या, पण थिएटरची उतरती जमीन तशीच राहिली. त्याच उतारावर उभं राहून लोकांनी काळजाला हात घालणारं सोल संगीत वाजवलं. रेकॉर्डिंगचं यंत्र घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा एस्टेलबाईंनी राहतं घर गहाण टाकलं. हा मुद्दा मी भांडणात हुकमाच्या एक्क्यासारखा राखून ठेवलाय. "त्या बाईने घर गहाण टाकलं. मी निदान तसं तरी केलंय का?" यावर बायको नुसती बघते. हे बघणं फार महाग पडतं.

जिम स्टुअर्ट मूळचा बँकेतला माणूस. बँकेतला! आणि या गृहस्थाने रेकॉर्डांचं वितरण करणाऱ्या अटलांटिक कंपनीबरोबरचा करार नीट न वाचता सही केली. १९६८ साली दोघांची फारकत झाली, तेव्हा कळलं की अटलांटिकने वितरित केलेल्या रेकॉर्डांच्या मूळ टेपा आपल्या नाहीतच. त्याआधी डिसेंबर १९६७ मध्ये त्यांचा हुकमी गायक ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला होता. म्हणजे गायक गेला, वर गोदामही गेलं. मग कंपनीच्या अल बेलने ठरवलं, गोदाम पुन्हा भरायचं. १९६९ च्या मध्यावर एका दमात २७ अल्बम बाजारात सोडले!

सत्तावीस. एका घरात सत्तावीस बारशी एका दिवशी झाली तर मधल्या पोराला दूध कोण पाजणार? त्या गर्दीत आयझॅक हेजचा एक अल्बम होता, त्यात गाणी मोजून चार, एक तर अठरा मिनिटांहून लांब, आणि लोकांनी तोच डोक्यावर घेतला. आमचं 'होम' कोपऱ्यात बसून राहिलं. वाजवणारे कोण? तर बुकर टी. अँड द एमजीज, म्हणजे स्टॅक्सचा घरचाच ताफा. दोन गोरे, दोन काळे. ध्वनिमुद्रण झालं मेम्फिसमध्ये, १९६८ साली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच शहरातल्या लॉरेन मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घालण्यात आली, आणि स्टॅक्सची मंडळी त्या मोटेलात नेहमी उतरायची. रेकॉर्ड ऐकताना हे मध्येच आठवतं. तेव्हा मी बायकोला काही सांगायला जात नाही.

बॉनीची तर वेगळीच कथा. पोरवयात ही गोरी मुलगी आइक आणि टीना टर्नर या काळ्या कलावंत जोडप्याच्या ताफ्यात साथीला गायली, काळा टोप घालून आणि अंगाला सावळा रंग फासून. तीन दिवस! १९६७ साली लॉस एंजेलिसला तिची डेलनीशी गाठ पडली आणि आठवड्याभरात लग्न. एवढ्या दिवसांत आमच्याकडे पत्रिकाही जुळून येत नाही. पुढे नावाजलेला इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टन डेलनी-बॉनीच्या जोडीवर इतका भाळला की १९६९ च्या शेवटी त्यांच्या मागे उभा राहून साथीदार म्हणून वाजवू लागला. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसनही काही दिवस त्याच ताफ्यात गुपचूप सामील झाला.

"आणि पुढे?" बायकोने विचारलं होतं.

"पुढे १९७२ मध्ये घटस्फोट."

"म्हणजे आठवड्यात लग्न, पाच वर्षांत काडीमोड, आणि त्यांचा संसार तू तीन-तीनदा विकत घेतोयस."

तर तिसरा होम म्हणजे मूळ तबकडी. जुन्या बाजारात कितीतरी रविवार उन्हात उकिडवा बसून मी ती शोधली. तिथे भजनं मिळाली, 'मराठी नाट्यगीते भाग दोन' मिळाला (भाग एक कुणालाच कधी मिळालेला नाही), फुटका स्टोव्ह मिळाला. शेवटी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवली. रेकॉर्ड पंचवीस डॉलर, टपाल तीस.

पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात. दारात आलेला मुलगा म्हणाला, कस्टमची ड्युटी भरा. आईला वाटलं, होमाचं साहित्य आलं. आता समिधासुद्धा परदेशातून येतात, हे तिला फारसं खटकलं नाही. तिने दूधवाल्याच्या डब्यातले पैसे मोजून दिले, वर पोराला लाडूही दिला.

घरी आलो तर पार्सल देवासमोर, हळदकुंकू वाहिलेलं. आई, बायको आणि वरच्या मजल्यावरच्या काकू तिन्ही बाजूंनी बसलेल्या. चौथी जागा मला. कात्रीने टेप कापली, पुठ्ठा बाजूला केला.

"कोपरा कुरतडलाय," काकू म्हणाल्या. "उंदीर."

उंदीर नव्हे. अमेरिकेत न खपलेल्या रेकॉर्डांच्या वेष्टनाचा कोपरा छाटून किंवा त्याला भोक पाडून त्या मातीमोल भावाने काढून टाकत. दुकानदाराने पुन्हा पूर्ण किमतीला परत करू नयेत म्हणून ती खूण. हे मी अभिमानाने समजावून सांगितलं आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं, की हे सांगायला नको होतं.

"म्हणजे तिथे फेकून दिलेली," बायको शांतपणे म्हणाली, "आपण टपाल भरून, ड्युटी भरून घरी आणली."

आईने चष्मा लावला. तबकडीच्या मधल्या पिवळ्या लेबलवर चुटकी वाजवणारा हात आहे, स्टॅक्सची निशाणी. तिने तो बराच वेळ न्याहाळला. "चुटकीसरशी गेले हो दुधाचे पैसे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "लाव तरी."

लावली. पहिलं कडवं होईतो सुई दोनदा उडाली. हळदीचा कण असावा. मी मखमली ब्रशने तो टिपला, पुन्हा सुई टेकवली. बॉनीने वरचा सूर घेतला तशी आईची मान किंचित हलली. "बाई गाते चांगली," ती म्हणाली. "बुवा मध्ये मध्ये उगीच येतो."

तेवढ्यात फोन वाजला. गुरुजी. आईने सोमवारीच त्यांना सांगून ठेवलं होतं. गुरुवारचा मुहूर्त आहे, यजमानांनी जोडीने बसायचं, आहुतीला पत्नीने यजमानांच्या हाताला हात लावायचा, असं सगळं स्पीकरवर ऐकू आलं. मी खुणेने आईला नको नको म्हणत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या कापलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि "बसतो म्हणतोय" असं त्यांना सांगून टाकलं.

"मग वास्तुशांतीला लागूनच सत्यनारायणही उरकून घेऊ," गुरुजी म्हणाले. "मांडणी एकच, थोडंच ज्यादा पडेल."

"घ्या ना," स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "बोनस ट्रॅक सोडत नाहीत हे!"