‘सर्व्हिसिंगनंतरही ॲम्प घूं घूं करतो’ या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पंधरा वॅटचा ट्यूब ॲम्प दुरुस्तीला दिला, २,८०० रुपये मोजले, घरी नेऊन गिटार लावली तर घूं आहेच, संध्याकाळी जास्त, तेव्हा तिखट ‘झर्र’ही येतो, शिवाय पेडलमधून शिट्टी. दुकानात फोन केला तर “घरचं वायरिंग बघा” म्हणून हात झटकले. आणि थ्री-पिनचा टू-पिन करणारा ॲडॅप्टर लावल्यावर घूं बरीच कमी झाली, म्हणजे दोष ॲम्पमध्येच होता.

तो ॲडॅप्टर आधी काढा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या जाळीला, तिथून ॲम्पच्या चेसिसला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) आणि चेसिस प्लगच्या जाड पिनला जोडलेली असते. उद्या आत कुठे फेज चेसिसला टेकली, तर करंट त्या पिनमधून अर्थला जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिनच नसेल तर काहीच उडत नाही. २३० व्होल्ट तारांवर येऊन बसतात. दुसरा हात माइकला किंवा कॉम्प्युटरच्या पत्र्याला लागला की संपलं.

मग पिन काढल्यावर घूं कमी का झाली? तुम्हीच लिहिलंय की ॲम्पचा लाइन आउट (सिग्नल बाहेर देणारा जॅक) ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डबीतून, डेस्कटॉपला जोडलेला असतो आणि दोघांचे बोर्ड वेगळ्या भिंतींवर आहेत. डेस्कटॉपला अर्थ, ॲम्पलाही अर्थ, आणि मध्ये केबलची जाळी : ग्राउंड लूप तयार. दोन बोर्डांच्या अर्थमध्ये थोडा जरी फरक असला तरी जाळीतून ५० हर्ट्झचा करंट वाहतो आणि सिग्नलमध्ये मिसळतो. लूप कुठेही तोडला तरी आवाज जातो, पण तोडायचा तो ऑडिओच्या बाजूने. खात्री करून घ्या : जाड पिन जागेवर ठेवून फक्त लाइन आउटची केबल उपसा. घूं उतरली तर ॲम्प निर्दोष आहे. मग ॲम्प आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर लाइन आउटच्या वाटेत १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. छोटी डबी असते, तिला वीज लागत नाही.

आता २,८०० रुपयांत काय झालं ते. ॲम्प आमच्याकडे आला तेव्हा इनपुटला काहीही न लावता, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घुमत होता. तो सूर सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या जवळ होता, म्हणजे साधारण १०० हर्ट्झ. वीज ५० हर्ट्झची, एसीचा डीसी करणाऱ्या फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर तिचा रिपल (डीसीत उरलेला चढउतार) १०० चा होतो. तो सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर वाळले की तो रिपल थेट स्पीकरपर्यंत पोचतो. पॉवर ट्यूबची जोडी बेमेल असली तरी हाच सूर येतो, म्हणून आधी दोन्ही ईएल८४ पॉवर ट्यूब तपासून घेतल्या. त्या ठीक होत्या. २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्टचे चारही कपॅसिटर बदलले. स्पीकरच्या टोकांवर ६० मिलिव्होल्ट एसी येत होते, ते ३ वर आले. दोन्ही आकडे बिलाच्या मागे लिहिलेले आहेत. मधूनच चरचर व्हायची ती पहिल्या १२एएक्स७ ट्यूबच्या १०० किलोओहम प्लेट रेझिस्टरमुळे. तिथे एक वॅटचा मेटल फिल्म टाकला.

हे घरीही पडताळता येतं. गिटारची केबल काढा, व्हॉल्यूम आणि रिव्हर्ब शून्यावर ठेवा. शांत असेल तर पॉवर सप्लाय ठीक. घूं तरीही असेल तर ॲम्प सरळ आमच्याकडे आणा, पण मागचं झाकण उघडू नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

गिटार लावल्यावर येते ती घूं निराळी. तुमच्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारी, एकेका गुंडाळीची चुंबकं) आहेत. ते आसपासच्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतात. ॲम्पपासून दोन मीटर लांब उभं राहून जागच्या जागी हळूहळू वळा. एका कोनात आवाज पडेल. गिटारच्या पाच टप्प्यांच्या पिकअप स्विचवर दोन आणि चार नंबरलाही पडेल, मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होणं नॉर्मल आहे. वाढत असेल तर गिटारच्या जॅकवर वायरी उलट लागल्या आहेत.

संध्याकाळचा तिखट ‘झर्र’ बहुधा पंख्याच्या रेग्युलेटरचा. गोल फिरवायचा, विनाटप्प्यांचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वीज प्रत्येक लहरीत कापून देतो. पंखा मध्यम वेगावर ठेवा, मग फुल करा. फुलवर झर्र उतरला तर गुन्हेगार सापडला. टप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की हा आवाज जातो. पंख्याने फरक पडला नाही तर स्वस्तातले एलईडी बल्ब एकेक करून बंद करून बघा.

पेडलमधली शिट्टी : डिजिटल डिले आणि ओव्हरड्राइव्ह हे दोन्ही पेडल एकाच ॲडॅप्टरवर साखळीने लावलेत. डिलेला वेगळा, आयसोलेटेड (बाकीच्यांशी वायरने न जोडलेला) सप्लाय द्या.

राहिलं घरचं वायरिंग. फोनवर ते हात झटकायला सांगितलं नव्हतं. वायरमनकडून सॉकेट मोजून घ्या, स्वतः नको : फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवून डळमळत असेल तर त्या भोकात अर्थची वायरच नाही.

बदललेल्या पार्टसचे पैसे परत करणार नाही. ते काम झालेलं आहे आणि त्यावर सहा महिन्यांची वॉरंटी आहे. पण ॲम्पसोबत गिटार, केबल, पेडल आणि त्यांचे ॲडॅप्टर सगळं घेऊन आलात तर पुन्हा तपासणी फुकट, तुमच्या समोर. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी या.