मिऱ्याआधी माणसं

‘१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, खुश्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून युरोपीयांना मिऱ्यासाठी भारताकडचा समुद्रमार्ग शोधावा लागला.’ हे उत्तर मी शाळेत इतकं घोकलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण एवढ्या जहाजांचा खर्च कुठून निघाला, हे ना बाईंनी सांगितलं, ना आम्ही विचारलं.

आता ही तारीख बघा. ८ ऑगस्ट १४४४, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या नऊ वर्षं आधी. पोर्तुगालच्या दक्षिणेला लागुश नावाचं बंदर आहे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेली २३५ माणसं तिथे गावाबाहेरच्या मैदानात उभी केली आणि वाटणी सुरू झाली. राजपुत्र हेन्री, आपल्या पुस्तकातला तो थोर ‘नॅव्हिगेटर’, घोड्यावर बसून बघत होता. त्याचा पाचवा हिस्सा ४६ माणसांचा. पोरं आयांपासून ओढून वेगळी केली, हे दरबारचा बखरकार झुरारा यानेच लिहून ठेवलंय. त्याला वाईटही वाटलं. मग यांच्या आत्म्यांचा उद्धार होणार म्हणून बरंही वाटलं.

झुरारा आणखी एक गोष्ट सांगतो, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. आधी लोक हेन्रीला नावं ठेवत होते, की हा पैसा समुद्रात घालवतोय. गुलाम दिसू लागले तशी तीच तोंडं त्याचं कौतुक करू लागली आणि स्वतःची जहाजं घेऊन जायला परवाने मागू लागली. शोधमोहिमेचा धंदा झाला तो इथे.

पुढचा हिशेब तर अजब आहे. १४८२ मध्ये पोर्तुगीजांनी आजच्या घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला, तो सोन्यासाठी. आता सोनं आणणाऱ्या अकान व्यापाऱ्यांना कापड हवं होतं, पितळी कडी हवी होती, आणि माणसंही हवी होती, ओझी वाहायला नि जंगल तोडायला. मग पोर्तुगीजांनी आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याकडे गुलाम विकत घ्यायचे, एल्मिनाला आणून विकायचे आणि सोनं लिस्बनला न्यायचं. आफ्रिकेतच दलाली! १४८६ मध्ये लिस्बनमध्ये या धंद्यासाठी वेगळं सरकारी खातंच उघडलं. वास्को द गामा १४९७ मध्ये भारताकडे निघाला तो या भरलेल्या तिजोरीच्या जिवावर.

साखरेचंही तेच. आधी मदेरा, मग साओ टोमे. आफ्रिकेच्या पश्चिमेची ही बेटं रिकामी होती, ऊस लावला, राबायला गुलाम आणले. कोलंबस १४७८ मध्ये मदेराला साखर खरेदीच्या कामावर होता. कॅरिबियनमध्ये हवं तेवढं सोनं सापडेना, तेव्हा त्याने १४९५ मध्ये तिथली मूळ रहिवासी असलेली पाचशेच्या वर ताईनो माणसं जहाजांत कोंबून स्पेनला धाडली. त्यातली दोनशेच्या आसपास वाटेतच मेली. तो धंद्याचं शिक्षण कुठे घेऊन आला होता, हे वेगळं सांगायला नको.

‘गुलामी काय, सगळीकडेच होती’ अशी कमेंट येणार, माहीत आहे. होतीच. आपला मलिक अंबरही विकला गेलेला हबशीच होता. पण माझं म्हणणं इतकंच आहे की ‘धाडस’ आणि ‘जिज्ञासा’ असं ज्याला आपण पुस्तकात म्हणतो, त्याच्या खातेवहीत जमेच्या बाजूला माणसं होती.

आणि ही वही गोव्यापर्यंत येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिन्शोटेन हा डच माणूस गोव्यात राहत होता. मुख्य रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरायचा, त्यात घोडे, कापड यांच्याबरोबर माणसंही विकली जायची, असं त्याने लिहिलंय. त्याच काळात मालदीवच्या कवड्या पोर्तुगीज जहाजांतून लिस्बनमार्गे पश्चिम आफ्रिकेला जात आणि त्या मोजून तिथे गुलाम विकत घेतले जात. ‘कवडीमोल’ हा शब्द आपण किती सहज वापरतो.

लागुशमध्ये २००९ साली भूमिगत वाहनतळासाठी खोदताना जुन्या कचऱ्याच्या खड्ड्यात दीडशेहून जास्त आफ्रिकी माणसांचे सांगाडे सापडले. काहींचे हात बांधलेले असावेत, असं हाडांच्या ठेवणीवरून दिसतं. वाहनतळ पुढे पूर्ण झाला.